बाकी कुणाच्या नावावर?

रविवार, १ जून २०२५
वेस्ट मांबलम, चेन्नई

कत्तिरी, म्हणजे इथले सर्वांत कडक उन्हाचे दिवस, सरली तरी ऊन उतरायचं नाव नाही. मे महिन्यात संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, नऊ लॉऱ्या पाणी ओतावं लागलं. आज सकाळी सगळी बिलं घेऊन बसले. एप्रिलपासून आमच्या फ्लॅट्सच्या असोसिएशनची खजिनदार मी आहे. घरं चौदा, आणि महिन्याचा सामाईक खर्च चौदाही घरांत सारखा वाटायचा, असा इथला जुना ठराव.

मेचे आकडे असे: पाण्याच्या लॉऱ्या १६,२०० रुपये, वॉचमन १५,०००, साफसफाई ६,५००, जिना-पंप-लिफ्टची ईबी, म्हणजे वीज, ३,६७१ आणि जनरेटरचं डिझेल २,९००. ईबीचं बिल तमिळनाडूत दोन महिन्यांनी येतं, म्हणून ७,३४२चं बिल निम्मं-निम्मं करून दोन महिन्यांवर टाकतो. एकूण खर्च ४४,२७१.

शीट आधीच्या मंडळींनी बनवून ठेवलेली आहे. प्रत्येक खर्चापुढे चौदाने भागलेला आकडा, खाली त्यांची बेरीज. पैशांची गर्दी नको म्हणून दशांश लपवलेले. घरटी ३,१६२ रुपये. छापलं आणि खाली नोटीस बोर्डावर लावून आले.

सोमवार, २ जून

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे मामा बोर्डासमोर पेन्सिल घेऊन उभे होते. सगळी नोकरी बँकेत झालेली. छापलेली बेरीज पुन्हा करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. असा एक तरी माणूस प्रत्येक इमारतीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

"कणक्कु सरियिल्लैये, अम्मा," म्हणाले. हिशेब जुळत नाही.

घरटीचे पाच आकडे त्यांनी कागदाच्या समासात नीट एकाखाली एक मांडले होते. ११५७, १०७१, ४६४, २६२, २०७. बेरीज ३१६१. आणि मी लावलेल्या कागदावर त्याच पाच आकड्यांखाली ३१६२.

वर येऊन शीट उघडली, दशांश दाखवायला लावले. खरे आकडे होते १,१५७.१४, १,०७१.४३, ४६४.२९, २६२.२१ आणि २०७.१४. पाचही अपूर्णांक अर्ध्या रुपयाच्या आतले, म्हणून दाखवताना पाचही गळले. पण पाचांचे मिळून सव्वा रुपयाच्या जवळ होतात, आणि बेरजेच्या सेलने ते धरले. सेलमध्ये दिसतं एक आणि असतं दुसरं. दशांश लपवले म्हणजे आकडा पूर्ण झाला असं नाही. तो आत जसाच्या तसा, पंधरा अंकांपर्यंत, शाबूत असतो. आकडा खरोखर पूर्ण करायचा असेल तर राउंडचं सूत्रच घालावं लागतं.

मामांना लॅपटॉपवर हे दाखवलं. त्यांना ते लगेच उमगलं, पण पटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की बोर्डावरचा कागद हा लोकांसाठी असतो. जे आकडे लोकांना दिसतात, त्यांची बेरीज लोकांना हाताने करता आली पाहिजे, आणि ती खालच्या आकड्याशी जुळलीच पाहिजे. आत काय दडलंय हे सांगायला खजिनदाराने बोर्डापाशी उभं राहायचं का?

बरोबर आहे त्यांचं.

फ्लॅट्सच्या ग्रुपवर कुणीतरी सुचवलं, की एक्सेलच्या सेटिंगमध्ये "दिसतं तेवढंच खरं माना" अशा अर्थाचा एक पर्याय आहे, तो चालू करा म्हणजे झालं. पर्याय आहे खरा. पण तो चालू केला की त्या फाइलमधला प्रत्येक आकडा दिसतो तेवढाच उरतो, आतला भाग कायमचा जातो. कुठल्यातरी कोपऱ्यात व्याजाचा दर किंवा मीटरचं रीडिंग असेल तर त्याचाही. वर्षानुवर्षं चालणाऱ्या वहीत असली कात्री मी लावणार नाही.

गुरुवार, ५ जून

दुपारभर याच्यातच होते. ४४,२७१ भागिले १४ हे गणित चौथीतलं आहे: भाग ३,१६२, बाकी ३. प्रश्न सगळा त्या तिनाचा आहे.

तीन तऱ्हांनी मांडून पाहिलं. प्रत्येक खर्चाचा घरटी वाटा आधी पूर्ण रुपयांत आणला आणि मग बेरीज केली, तर घरटी ३,१६१. चौदा घरांचे जमा होतात ४४,२५४. खर्चापेक्षा सतरा रुपये कमी. आधी सगळ्या खर्चाची बेरीज करून मग एकदाच भागलं आणि एकदाच पूर्ण रुपयांत आणलं, तर घरटी ३,१६२. तूट तीन रुपये. पैशांपर्यंत नेलं तर घरटी ३,१६२.२१ आणि तूट सहा पैसे. तीच बिलं, तीच घरं, आणि तूट सतरा रुपयांपासून सहा पैशांपर्यंत कुठेही. आकडा जितक्या वेळा छाटावा तितकी गळती वाढू शकते, म्हणून छाटायचं ते शेवटी आणि एकदाच. एवढा नियम आज पक्का केला.

पण सहा पैसे तरी का सुटावेत? राउंडचं सूत्र प्रत्येक घराकडे सुटं सुटं पाहतं. शेजारच्या घराचं काय झालं आणि सगळ्यांची मिळून किती रक्कम व्हायला हवी, याचा त्याला पत्ताच नसतो. चौदाही घरांना ते एकच उत्तर देतं, आणि चौदा सारख्या पूर्ण आकड्यांची बेरीज ४४,२७१ होणं शक्यच नाही, कारण ४४,२७१ला चौदाने भाग जात नाही. यापेक्षा हुशार सूत्र शोधूनही काही होणार नाही. कुणीतरी तीन घरं ३,१६३ भरणार आणि अकरा घरं ३,१६२, हे आधी मान्य करायला हवं. ३,१६३ गुणिले ३ म्हणजे ९,४८९. ३,१६२ गुणिले ११ म्हणजे ३४,७८२. मिळून ४४,२७१. आता मामा पेन्सिल घेऊन खुशाल उभे राहोत.

कायद्यातला नियम इथे लागू करावा असंही एकाचं मत पडलं. जीएसटीच्या कायद्यात कलम १७० आहे: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. आयकरात तर दहाच्या पटीत पूर्ण करतात. नियम चांगले आहेत, पण ते एका माणसाच्या एका रकमेसाठी आहेत. करदात्याने तीस पैसे कमी भरले तर दुसऱ्या करदात्याला ते भरावे लागत नाहीत. आमच्याकडे लॉरीवाल्याला पूर्ण १६,२०० द्यायचेच असतात. एका घराने न भरलेला रुपया दुसऱ्या घराने भरायचा, नाहीतर खजिनदाराने आपल्या पर्समधून. अनेक ठिकाणी तो खजिनदारच भरतो आणि बोलत नाही, हेही मला माहीत आहे. ते चांगुलपणाचं वाटतं, पण वहीच्या दृष्टीने ते वाईट. वहीत नसलेला रुपया वर्षअखेरीला ऑडिटच्या वेळी कुणालाच समजावून सांगता येत नाही.

रविवार, ८ जून

धाकटी मुलगी सुट्टीसाठी घरी आली आहे. ती ओएमआरवर सोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, आणि पैशांचा हिशेब हा तिच्या कामाचाच भाग आहे. तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि एका रिकाम्या सेलमध्ये लिहिलं: एक गुणिले, कंसात ०.५ वजा ०.४ वजा ०.१. उत्तर शून्य यायला हवं. आलं उणे २.७८, आणि पुढे दहाचा उणे सतरावा घात. म्हणजे दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग कुठेतरी काहीतरी. कंस आणि गुणाकार काढून तीच वजाबाकी सरळ लिहिली, तर एक्सेलने शून्य दाखवलं.

"आई, याला शून्य समजू नकोस. शून्याच्या इतक्या जवळचं उत्तर आलं की एक्सेल ते शून्य करून टाकतं. नेहमी मात्र करत नाही."

कारण तिने समजावलं ते असं. संगणक आकडे दोनच्या घातांत साठवतो: अर्धा, पाव, अर्धपाव, त्याच्या निम्मा, असे तुकडे जोडून. पाव रुपया त्यात नेमका बसतो, पाऊण बसतो. पण दहा पैसे, म्हणजे एकदशांश, कितीही तुकडे जोडले तरी नेमके होत नाहीत, जसे आपल्याला एकतृतीयांश दशांशात लिहिता येत नाहीत आणि ३३३ लिहीत राहावं लागतं. हे सगळं १९८५ साली आयईईई ७५४ या मानकात ठरलं. त्यामागे विल्यम कहान या गणितज्ञाचा मोठा वाटा होता. जगातले बहुतेक संगणक आजही त्याच पद्धतीने चालतात.

मला सर्वांत उपयोगी वाटली ती तिची कामाची रीत. त्यांच्याकडे रुपये-पैसे असे साठवतच नाहीत, फक्त पैसे साठवतात. ३,१६२.२१ रुपये नाही, तर ३,१६,२२१ पैसे. पूर्णांकांत सगळं करायचं आणि माणसाला दाखवताना शेवटी शंभराने भागायचं. पूर्णांकाची बेरीज-वजाबाकी संगणक चुकत नाही. एक पथ्य मात्र सांगितलं: रुपयांतून पैसे करताना शंभराने गुणून लगेच इंट, म्हणजे दशांश छाटणारं सूत्र, लावायचं नाही, आधी राउंड लावायचं. नाहीतर गुणाकारात कुठेतरी ४३५च्या जागी ४३४.९९९९ असा आकडा असतो आणि इंट तो बेधडक ४३४ करतं.

आमचा हिशेब पूर्ण रुपयांतला, म्हणून मला एवढं लागणार नाही. पण ज्यांची दुधाची, पेट्रोलची, व्याजाची वाटणी पैशांत जाते, त्यांनी हे जरूर करावं.

जेवणानंतर तिने नवं सूत्र बसवून दिलं. इंटने भाग काढायचा, मॉडने बाकी काढायची. घरांना एक ते चौदा क्रमांक. ज्यांचा क्रमांक बाकीएवढा किंवा त्याहून कमी, त्यांना एक रुपया जादा. शिवाय दुसरी एक रीत दाखवली, ती मला जास्त देखणी वाटली. प्रत्येक घराचा वाटा सुटा काढायचा नाही. पहिल्या घरापर्यंत मिळून किती, दुसऱ्यापर्यंत मिळून किती, असा चढता हिशेब करायचा, तो इंटने छाटायचा आणि त्यातून आधीच्या घरापर्यंतचा छाटलेला आकडा वजा करायचा. मेच्या हिशेबात यामुळे जादा रुपया पाचव्या, दहाव्या आणि चौदाव्या घरावर गेला. शेवटच्या घरापर्यंतचा आकडा पूर्ण रक्कमच असतो, त्यामुळे बेरीज चुकायला जागाच नाही. हप्ते पाडायला ही रीत फार चांगली: वर्षाचा विमा बारा महिन्यांत वाटायचा असेल तर बारावा हप्ता आपोआप बरोबर येतो.

शनिवार, १४ जून

एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात गेले होते. १८५१ साली सुरू झालेलं हे म्युझियम. ब्राँझच्या मूर्तींसाठी लोक येतात, मी या वेळी नाण्यांसाठी गेले. आठवडाभर जे डोक्यात घोळतंय त्याला एक जुनी बाजू आहे, हे मला पहिल्यापासून जाणवत होतं.

मद्रासला कंपनीच्या काळात स्टार पॅगोडा नावाचं सोन्याचं नाणं चालायचं, एका बाजूला विष्णू, दुसऱ्या बाजूला तारा. एका पॅगोड्याचे बेचाळीस फनम, एका फनमचे ऐंशी कासू. म्हणजे पॅगोडा ३,३६० कासूंचा. बेचाळीसला दोनने भाग जातो, तीनने जातो, सहाने, सातने आणि चौदानेसुद्धा. आमच्या चौदा घरांनी एक पॅगोडा वाटला असता तर घरटी नेमके तीन फनम, बाकी शून्य! १८१८ साली मद्रास इलाख्यात रुपया हे प्रमाण नाणं झालं, तेव्हा साडेतीन रुपयांचा एक पॅगोडा धरला गेला. आपल्याकडे ज्यांची औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ होती त्यांना तो हिशेब तोंडी आला असता. इथून तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरवर तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, त्यांचे मोडीतले हिशेबाचे कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. मराठी कारकुनांनी तमिळ मुलखात वह्या कशा लिहिल्या ते एकदा नीट पाहायचं आहे.

रुपयाचंही तेच. सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तिघा भावांत रुपया वाटायचा तर पाच आणे चार पै, एक कणही उरत नाही. आमच्या गावाकडच्या जुन्या कागदांत आणेवारीने हिस्से लिहिलेले आहेत, तिघांपुढे प्रत्येकी ५ आणे ४ पै. सोळा आणे जमीन तिघांत बिनबोभाट वाटली गेली, निदान कागदावर तरी. आज तेच टक्क्यांत लिहायला सांगितलं तर ३३.३३, ३३.३३ आणि ३३.३४. आणि मग धाकट्याला वाटतं की थोरल्याने काहीतरी केलं.

तळमजल्यावरच्या मामी त्र्याऐंशीच्या आहेत. परत आल्यावर त्यांच्याकडे कॉफीला बसले आणि हे सांगितलं. त्यांना सगळं लख्ख आठवतं: ओरणा, अरैयणा, कालणा, म्हणजे एक आणा, अर्धा आणा, पाव आणा. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हा त्या शाळेत होत्या, आणि वर्गात अदलाबदलीचा तक्ता पाठ करून घेतला होता. एक आणा सहा नये पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. दोन आणे खरे साडेबारा, पण अर्धा सोडून द्यायचा असं ठरलेलं होतं. मामी हसत म्हणाल्या, की दोन आण्यांची आठ नाणी एकेक करून दिली तर शहाण्णव पैसे, आणि एकदम दिली तर पूर्ण रुपया. म्हणून त्यांची आई एकदमच द्यायची.

पाच तारखेला मी दुपारभर बसून जे काढलं, ते त्यांच्या आईला भाजीच्या पिशवीसकट ठाऊक होतं.

दशमान पद्धतीने खूप सोपं केलं, त्याबद्दल मला शंका नाही. दहाने, पाचाने, चाराने वाटणं सोपं झालं. पण तीन, सहा, सात, बारा, चौदा या आकड्यांशी तिचं जमत नाही, आणि आपलं घर, बचत गट, ट्रिपची गाडी, वर्षाचे महिने हे सगळे नेमके याच आकड्यांत येतात. त्यात पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली. कायद्याने चालणारं सर्वांत लहान नाणं पन्नास पैशांचं, आणि अण्णाच्चीच्या किराणा दुकानात तेही कुणी घेत नाही.

बुधवार, १८ जून

संपला आतून वॉटरप्रूफिंग करायचं आहे, ५०,००० रुपये. असा मोठा खर्च आमच्याकडे सारखा वाटत नाहीत, चौरस फुटांवर वाटतात. ठाण्याला माझा भाऊ सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्यांच्याकडे सेवाशुल्क सर्वांना सारखं, घर लहान असो की मोठं, कारण महाराष्ट्र शासनाचा २९ एप्रिल २०००चा तसा आदेश आहे. दुरुस्तीचं गणित मात्र तिथेही वेगळं असतं. असो.

आमची सहा घरं ८४५ चौरस फुटांची, चार १,०१०ची, चार १,१८०ची. मिळून १३,८३०. या प्रमाणात ५०,००० वाटले तर लहान घराला ३,०५४.९५, मधल्याला ३,६५१.४८, मोठ्याला ४,२६६.०९. सरळ राउंड केलं की ४९,९९८ होतात. दोन रुपये कुठे गेले?

इथे मोठ्या शेषाची रीत कामाला येते. आधी सगळ्यांचे अपूर्णांक सोडून द्यायचे: ३,०५४, ३,६५१, ४,२६६. बेरीज ४९,९९२, आठ रुपये उरतात. ज्यांचा सोडलेला भाग सर्वांत मोठा, त्यांना आधी एकेक रुपया. लहान सहा घरांचा भाग पंचाण्णव पैसे, तेव्हा सहा रुपये तिथे. उरलेले दोन मधल्या घरांकडे. पण मधली घरं चार, सगळ्यांचा भाग अगदी सारखा. चारांपैकी दोघांनी ३,६५२ भरायचे आणि दोघांनी ३,६५१. कोणत्या दोघांनी, हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. ते माणसांनी ठरवायचं.

ही रीत अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या जागा राज्यांना वाटायला वापरत होते. १८८०च्या जनगणनेनंतर तिथल्या एका अधिकाऱ्याने वेगवेगळे आकडे घालून पाहिले, तर एकूण जागा २९९ असताना अलाबामाला आठ जागा येत होत्या आणि ३०० केल्यावर सातच. एकूण वाढलं आणि एकाचा वाटा घटला. जागांच्या बाबतीत ही मोठीच आपत्ती, एका जागेला लाखो माणसं असतात. आमच्याकडे जास्तीत जास्त एक रुपयाचा फरक. तरी त्यातून मी एक गोष्ट घेतली: मागणीचा कागद एकदा लागला, की नंतर बिलात दहा रुपयांचा बदल झाला म्हणून सगळ्यांचे आकडे पुन्हा काढायचे नाहीत. फरक पुढच्या महिन्यात घ्यायचा. नाहीतर कुणाचा तरी आकडा विनाकारण खाली-वर होईल आणि त्याला काय सांगायचं?

रविवार, २२ जून

आज असोसिएशनची बैठक झाली, गच्चीवर. हा विषय शेवटी होता आणि मला वाटलं होतं की पाच मिनिटांत उरकेल. सर्वांत जास्त वेळ यालाच लागला.

सेक्रेटरींचं म्हणणं होतं, सरळ घरटी ३,२०० घ्या, उरेल ते कॉर्पसमध्ये. ४४,८०० जमतील, ५२९ जादा. मी त्याला विरोध केला नाही. पुष्कळ ठिकाणी हेच करतात आणि ते सोयीचं आहे. पण तो आगाऊ वर्गणीचा निर्णय झाला. त्याचा वेगळा ठराव हवा, ५२९ रुपये कॉर्पसच्या खात्यात त्याच दिवशी दिसायला हवेत, आणि घर विकून जाणाऱ्याला त्याचा वाटा परत द्यायचा की नाही हेही लिहायला हवं. हे सगळं न लिहिता नुसतं वर ढकललं, तर वर्षभरात काही हजार रुपये असे जमतात ज्यांना ना नाव ना गाव.

तरुण मंडळींचं म्हणणं, आता सगळं यूपीआयवर आहे, ३,१६२.२१ पाठवायला काय हरकत? हरकत नाही, पैसे तंतोतंत जातात. पण मामी रोख देतात, आणखी दोन घरं रोख देतात, आणि एकवीस पैसे कुणाच्याही पाकिटात नसतात. वर सहा पैशांची तूट राहतेच. तेव्हा पूर्ण रुपयांतच राहायचं, हे मान्य झालं.

मग खरा मुद्दा आला. जादा रुपया कुणी भरायचा? पहिल्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, एका रुपयासाठी एवढी चर्चा कशाला, दर महिन्याला मीच भरतो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, देणारा माणूस आहे. पण मामांनी हात वर केला आणि अगदी शांतपणे नाही म्हणाले. रुपया कुणालाच जड नाही. पण दर वेळी एकाच घराच्या नावापुढे वेगळा आकडा दिसला, तर दहा वर्षांनी तेच घर म्हणेल की आम्ही नेहमी जास्त भरलं, आणि कागद त्याच्याच बाजूने बोलेल. मला हे अगदी पटलं. पैशांची भांडणं मी माहेरीही पाहिली आहेत. रक्कम लहान असते, पण "मलाच का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणून उत्तर आधी तयार हवं.

ठरलं ते असं. बाकी पाळीने फिरवायची. मेमध्ये तीन रुपये उरले, ते क्रमांक एक, दोन, तीन या घरांवर. जूनमध्ये मोजणी चारपासून. चौदावं घर झालं की पुन्हा एक. चौरस फुटांच्या खर्चात सारख्या घरांत पेच आला तर त्या गटाची वेगळी पाळी. धाकटीची ती चढती रीत मला जास्त आवडली होती, पण तिच्यात कुणाची पाळी कधी हे शीट उघडल्याशिवाय कळत नाही. पाळीचा नियम मामीसुद्धा बोटांवर मोजू शकतात, म्हणून मी त्याच्याच बाजूने मत दिलं.

आणखी एक ओळ मी आग्रहाने घालून घेतली: दर महिन्याच्या कागदावर सर्वांत खाली तीन आकडे छापायचे. खर्च किती, चौदा घरांची मिळून मागणी किती, दोहोंतला फरक किती. फरक शून्य नसेल तर कागद बोर्डावर लावायचा नाही. हे सगळं आज कार्यवृत्तात गेलं, सह्या झाल्या.

मंगळवार, १ जुलै २०२५

जूनचा हिशेब लावला. पाण्याच्या लॉऱ्या सात, खर्च एकूण ४१,९०६. भाग २,९९३, बाकी ४. दहा घरं २,९९३, चार घरं २,९९४. सूत्रात फक्त पाळी कुठून सुरू ते बदलावं लागलं, तेही आता स्वतंत्र सेलमध्ये ठेवलं आहे, "पाळीची सुरुवात" असं नाव देऊन, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्या खजिनदाराला सूत्राला हात लावावा लागणार नाही. खर्चाच्या प्रत्येक बाबीचा घरटी वाटा छापणं बंद केलं. खर्च पूर्ण रकमेने छापले आणि घरटी वाटा एकदाच, शेवटी. मामांनी पेन्सिल आणली होती. खर्चाची बेरीज केली, मग चार गुणिले २,९९४, दहा गुणिले २,९९३, आणि खाली आपली छोटी सही केली.

खर्च ४१,९०६. मागणी ४१,९०६. फरक ०. या महिन्याचा जादा रुपया चौथ्या, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या घराचा. जुलैची पाळी आठव्या घरापासून.